अल ऐनमध्ये, पंचवीस अंशांवर

बाहेर सत्तेचाळीस.
आत, कपाटाच्या जाड दारामागे, पंचवीस.
फळमाश्यांना तेवढंच मानवतं. तिसाच्या वर
नर दिसायला धडधाकट राहतात,
फक्त त्यांचं बीज जातं.

म्हणून परवा रात्री अडीचला वीज गेली,
जनरेटर दोनदा खोकून बसला,
तेव्हा मी दोनशे दहा नळ्या
ओल्या टॉवेलांत गुंडाळून खाली नेल्या.
गुलजमानची टॅक्सी. एसी पूर्ण.
जबल हफीतच्या घाटातून वर, खाली, पुन्हा वर,
पहाटेपर्यंत.
तो आरशातून बघत होता. "बाजी, बच्चे हैं?"
म्हटलं, तसंच काहीसं.

काकवी इथे मिळत नाही. मी खजुराचा पाक घालते,
मक्याचं पीठ, यीस्ट, अगर.
माश्यांची तक्रार नाही. डॉक्टर नवाल म्हणतात,
यांना इथला पासपोर्ट मिळेल,
आपल्याआधी.

दोन चिमटे, मिठाच्या पाण्याचा थेंब,
आणि नराच्या पोटातून उलगडून येतं पिवळं वेटोळं,
चकलीच्या एका काट्याएवढं.
त्याच्या बंद टोकाशी सगळ्याची सुरुवात.
एकाचे दोन, दोनाचे चार,
सोळांवर थांबून दम खातात, वाढतात,
मग चौसष्ट.

त्या दम खाण्याच्या वेळेत काय चालतं
यावर माझी सहा वर्षं गेली.

नराला आईकडून आलेल्या धाग्यावर एक जनुक आहे, बडबडं.
मोकळं सोडलं तर बोलतच सुटतं,
आणि त्याच्या बोलण्याच्या सुया होतात. खरंच सुया,
स्फटिकाच्या. पेशीत आरपार.
बापाकडून आलेल्या धाग्यावरून
चिठ्ठ्या निघतात, पंचवीस-सव्वीस अक्षरांच्या.
त्यांच्यातून प्रथिन होत नाही, काहीच होत नाही,
त्या नुसत्या जाऊन चिकटतात, आणि जनुक
गप्प बसतं.
आईनं बोलायचं, बापानं गप्प करायचं:
मला ही मांडणी मुळीच पटत नाही.
पण माशीनं मला विचारलं नव्हतं.

आमच्याकडे तर उलटं होतं.
बाबा रुवैसला वेल्डर, बावीस वर्षं.
पत्रात दोनच ओळी. पैसे पाठवले. जपून राहा.
आई त्या दोन ओळी आठवडाभर वाचायची,
आणि त्या आठवड्यात
घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

एवढंसं काहीतरी, कुठून तरी दुरून,
आणि घरभर शांतता. मी ती ओळखते.
भिंगाखाली ती दिसत नाही,
नाहीशी झाली की मात्र सुया दिसतात.

बाबांचा तो धागा मला मिळालेला नाही.
मुलींना मिळतच नाही. माझ्या भावाला मिळाला,
तो इचलकरंजीत आहे, भरपूर बोलतो.
मला वाळवंट मिळालं.

शेवटची पायरी मला सगळ्यात आवडते.
चौसष्ट जणांची जुडी, शेपट्या इतक्या लांब
की माशीच्या अंगात मावतात कशा.
निघण्याआधी प्रत्येक जण
डोक्यापासून शेपटीपर्यंत पिळला जातो,
आणि जास्तीचं सगळं
एका पिशवीत मागे राहतं.
अबू धाबीच्या विमानतळावर, काट्यासमोर,
बाबा असेच बॅग उघडून बसले असतील:
ब्लँकेट आत, दूधपावडरचा डबा आत,
भावासाठी रिमोटची गाडी आत,
स्वतःचे बूट बाहेर.
ते एकदा चपलांवर घरी आले होते, जानेवारीत.
कारण कुणी विचारलं नाही.

सहाला वीज आली. नळ्या मोजल्या, दोनशे नऊ.
एकीचा कापूस सैल झाला होता.

आज गुलजमानचा फोन.
"बाजी, तुम्हारा एक रह गया।
आरशावर बसतं, उडत नाही. मारू?"
बाहेर सत्तेचाळीस.
विचारलं, एसी कितीवर आहे तुझा?